कोरडी लिहिलेली विहीर : घाटनांदूर ते बीड

जायचं ठरलं ते एका पानवाल्यामुळे. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी पानं आणायला मी सुलतान बाजारात गेलो होतो. हैदराबादेत राहून बारा वर्षं झाली, पण इतक्या वर्षांत मी कधी नाव घेऊन पान मागितलं नव्हतं. त्या दिवशी का कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "घाटनांदूरचं आहे का?"

पानवाल्यानं मान हलवली. "वो पान अब नै आता, साब. उधर रेल आ गई ना."

मी म्हटलं, रेल्वे आली तर पान उलट लवकर यायला हवं. तो हसला. "बाग में से गई बोलते."

रेल्वे त्या बागेतून जाणार हे मला माहीत होतं. गेली, हे पहिल्यांदा ऐकत होतो. घरी आलो आणि बायकोला, सरस्वतीला, म्हटलं की रथसप्तमी झाली की आठ दिवसांची रजा काढतो, बीड जिल्ह्यात जाऊन येतो. कशाला, असं तिनं विचारलं. जुन्या ओळखी आहेत म्हटलं. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, पुढे काही विचारलं नाही.

आता रस्त्याचं सांगतो, कारण त्या भागात जाणारे थोडे आणि जाऊन आलेले सांगणारे त्याहून थोडे. विकाराबादला गाडी बदलावी लागते. तिसऱ्या वर्गाचं भाडं चार हाली, म्हणजे निजामी, रुपयांच्या आत बसतं. कलदार, इंग्रजी रुपया बरोबर असेल तर इथेच मोडून घ्या. तिकडच्या लहान दुकानांत बट्टा जास्त कापतात. बीदरपर्यंत डबा खच्चून भरलेला असतो, उदगीरनंतर पाय पसरायला जागा मिळते. खाणं घरचं न्यावं, पाणी मात्र न्यायची गरज नाही. का नाही, ते पुढे येईलच.

उदगीरच्या पुढे काळी जमीन सुरू झाली आणि मी खिडकीला डोकं टेकवून बसलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं भरलेली. मधेच करडईचे पिवळे पट्टे. माझ्या समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती आणि तिकीट तपासनीस आला की ती पदराखाली जायची. असाच माळ, अशीच ज्वारी मी बारा वर्षांपूर्वी पायी तुडवली होती. तेव्हा इथे रूळ नव्हते. रूळ कुठून न्यायचे ते ठरवणाऱ्या मोजणीच्या छावणीत मी हंगामी कारकून होतो. साखळी धरणारे पुढे जायचे, आणि मी मागून वहीत लिहीत जायचो : शेत कोणाचं, झाडं किती, विहीर आहे का, पाणी आहे का. मोठे साहेब तंबूत बसून त्या वहीवरून रेघ ओढायचे.

घाटनांदूरला उतरलो तेव्हा दुपार टळत होती. आमच्या वेळी हे एक मोठंसं गाव होतं. आठवड्याचा बाजार, दोन तेलघाणे, एक शाळा. आता स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग फर्लांगभर लागलेली. पत्र्याची नवी दुकानं, चहाची दोन हॉटेलं, आडत्याची गादी, पोत्यांची थप्पी. चहा एक पैसा आणि बरा. हॉटेलवाल्यापाशी एक दुकानदार आणि एक म्हातारा गाडीवान वाद घालत बसले होते.

"घासलेट, साखर, छत्री, समदं दारात आलं की न्हाई?" दुकानदार म्हणत होता.

"तुज्या दारात आलं," गाडीवान म्हणाला. "आदी माजी गाडी बार्शीला जायची. आठ दिसांचा फेरा. आता ठेसनापोतर जाती न् माघारी येती. बैलं बसून खात्यात न् आमी उपाशी."

दोघांचंही खरं होतं. बाजारात ज्वारीला भाव आला होता, कापूस शेतातून थेट डब्यात चढत होता, आणि कोष्ट्यांच्या आळीतले चार माग मात्र बंद पडले होते, कारण गिरणीचं कापड आता इथेही स्वस्त मिळतं. गावाच्या जुन्या पेठेत निम्मी दुकानं उघडी होती. जी उघडी होती त्यांचे मालक दारात उभे राहून स्टेशनाकडे बघत होते.

मी चहा संपवून रुळांच्या कडेनं चालू लागलो. रंगनाथ माळ्यांचा पानमळा कुठे होता हे मला कुणाला विचारावं लागलं नसतं; नात्यानं कुणी नव्हते, पण मी त्यांना मामा म्हणत असे. छावणी असताना मी रोज तिथे जात असे. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, बांधावर काढून ठेवायच्या. आत शेवरीच्या झाडांवर पानवेली चढलेल्या, भर वैशाखात आत शिरलं की अंगावर गारवा यायचा. तो मळा मामांच्या आजोबांनी लावला होता. दर वर्षी वेली उतरवायच्या, पुन्हा मातीत पुरायच्या, पुन्हा चढवायच्या. सगळं मोटेच्या पाण्यावर. यमुनामामी मला जेवायला वाढायच्या आणि जाताना घागरभर पाणी द्यायच्या, कारण छावणीचं पाणी मचूळ होतं.

मळ्याच्या जागी आता मालगाडीचं आवार होतं. एकही शेवरी नाही. विहीर मात्र होती. आवाराच्या कडेला, नव्या दगडी कठड्याची. एक माणूस रहाटानं पाणी ओढून पिंप भरत होता. तो स्टेशनचा पाणीवाला होता. मी मागितलं तसं त्यानं ओंजळीत ओतलं.

"लई गोड हाय," तो म्हणाला. "मे म्हैन्यात बी आटत न्हाई. समद्या गाड्या इथंच पानी पित्यात."

या विहिरीबद्दल मी वहीत उर्दूत दोन शब्द लिहिले होते : बावली खुश्क. कोरडी विहीर.

का लिहिले ते सांगतो. रुळांसाठी दोन वाटा होत्या. एक गावच्या एका वजनदार जमीनदाराच्या आमराईतून, दुसरी या मळ्यातून. पाण्याची विहीर असेल तिथून रेघ शक्यतो दूर वळवायची, असा साहेबांचा शिरस्ता होता. जमीनदारानं मला एके दिवशी गादीवर बसवलं, आमरस वाढला आणि म्हणाला, हैदराबादेत माझी ओळख आहे, कायमची नोकरी लावून देतो. तेवढी आमराई राहू द्या. माझं लग्न ठरलेलं होतं, छावणी पावसाळ्यात उठणार होती. त्या रात्री मी वहीत ते दोन शब्द लिहिले. लिहिताना शेजारी जी घागर होती ती याच विहिरीच्या पाण्याची होती. आठवड्याभरात मी छावणी सोडली. नोकरी लागली. ती मी अजून करतो आहे. जमीनदार वारले, त्यांचं नाव इथे लिहून मला माझं ओझं हलकं करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी टांग्यानं आंबेजोगाई गाठली. सरकारी कागदावर मोमिनाबाद, लोकांच्या तोंडी आंबेजोगाईच. सहा-सात कोस, माणशी आठ आणे, रस्ता खडीचा. उतरायला धर्मशाळा स्वच्छ आहे, योगेश्वरीच्या देवळामागे. देवळात जाऊन आलो, पण माझं लक्ष मंडईतल्या तांबोळ्यांकडे होतं. मामांची पानं इथे लष्करी पलटणीच्या बाजारात विकली जायची. खादरभाई नावाचे एक वृद्ध तांबोळी त्यांचे जुने गिऱ्हाईक निघाले.

"रंगनाथ?" ते म्हणाले. "तो कवाच गेला, माजलगावकडं. सिंदफणेच्या वाळूत टरबुजं लावतो. जमीन खुश्की, कोरडवाहू लिहिली म्हणून भरपाई बी खुश्कीची मिळाली. तेवढ्यात दुसरा मळा होतो का, तुमीच सांगा. पानमळ्याला तीन साल तर नुसतं पोसावं लागतं." त्यांनी मला एक पान लावून दिलं. जाड होतं, तिखट होतं. "मद्रासी हाय," ते ओशाळून म्हणाले.

आंबेजोगाईहून केजपर्यंत खासगी मोटार मिळाली. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घड्याळ घरी ठेवून यावं. केजहून धारूरला बैलगाडी. घाटात गाडीवान खाली उतरून चालतो, आपणही उतरावं. बैलांना बरं आणि आपल्या कमरेलाही. धारूरचा किल्ला लांबून दिसत राहतो. वाटेत धनगरांचा एक तळ शेतात पडला होता, तीनेकशे मेंढरं. शेताचा मालक त्यांना ज्वारी मोजून देत होता, कारण मेंढरं दोन दिवस रानात बसली की खताची सोय होते. त्यातल्या एका म्हातारीनं मला हुरड्याचं कणीस दिलं आणि कुठे निघालात विचारलं. माजलगावला, पाहुण्याकडे, म्हटलं. "मंग रिकाम्या हातानं कावून जाता?" असं म्हणून तिनं आणखी चार कणसं धोतराच्या सोग्यात टाकली. ती मी तेलगावच्या पारावर सोडून आलो. त्या घरी घेऊन जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी माजलगाव. बाजाराचा दिवस होता. धान्याच्या राशी नदीच्या उतारापर्यंत आलेल्या. इथलं वांगं आणि भाकरी खाल्ल्याशिवाय परतू नका. मी मात्र त्या दिवशी काही खाल्लं नव्हतं. सिंदफणा माघात आटून दोन धारांची होते. बाकीची सगळी वाळू. त्या वाळूत लोक चर खणतात, त्यात शेणखत भरतात आणि टरबुजाच्या बिया लावतात. पहिला पूर आला की चर, खत, वेल सगळं जातं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

रंगनाथमामा खांद्यावर कावड घेऊन वेलांना पाणी घालत होते. पाठ वाकली होती, केस पांढरे. मी "मामा" अशी हाक मारली. त्यांनी कावड खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरला.

"गोविंदराव?" ते म्हणाले, आणि मग झोपडीकडे वळून ओरडले, "आगं, गोविंदराव आलेत! आपले कारकून!"

मामी पदराला हात पुसत धावत आल्या. मला वाटलं होतं ते शिव्या देतील, नाहीतर ओळख दाखवणार नाहीत. त्यांनी मला घोंगडीवर बसवलं. मामींनी भाकरी, दही, कांदा पुढे ठेवला. मामा शेजारी बसून बोलतच राहिले.

"तुमाला लई शोधलं. तीन डाव बीडाला गेलतो. म्हनलं, साहेब, इहीर कोरडी न्हाई. ते म्हनले, कागदावर कोरडी हाय, साक्षीदार हाय का? म्या तुमचं नाव सांगितलं. म्हनलं, चार कारकून व्हते, त्यातल्या कुण्या भाड्यानं लिवलं ते ठाव न्हाई, पर गोविंदराव रोज आमचंच पानी न्यायचे. त्यांना इचारा. ते खोटं बोलायचे न्हाईत."

"मग?"

"मंग काय. तुमचा पत्ता कुनाला ठाव न्हाई. छावनी उठलेली."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी खाली ठेवला. कसं सांगायचं हे मी चार दिवस गाडीत, टांग्यात जुळवत आलो होतो. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मामा, ते मीच लिहिलं."

त्यांना कळलं नाही. ते माझ्याकडे पाहून अजून हसतच होते. मी पुन्हा सांगितलं. वही माझी होती, अक्षर माझं होतं. आमराईवाल्यानं नोकरी देतो म्हटलं आणि मी विहीर कोरडी लिहिली.

मामींना आधी कळलं. त्या उभ्या होत्या, त्या खाली बसल्या.

"कावून?" त्या म्हणाल्या.

कारण मी नुकतंच सांगितलं होतं. तरी त्यांनी विचारलं. "नोकरीसाठी," मी म्हटलं.

मामा उठले. कावड उचलली आणि धारेकडे गेले. मी पाहत होतो. ते पाणी भरून आणत, वेलाच्या बुडाशी घालत, पुन्हा जात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मामी चुलीशी, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. ताट त्यांनी उचललं नाही आणि मला खा असंही म्हणाल्या नाहीत. माशा बसू लागल्या तेव्हा मी त्यावर पंचा झाकला. ऊन डोक्यावर आलं, कललं. उठून जावं असं अनेकदा वाटलं, पण जायची परवानगी कुणाकडे मागायची ते कळेना.

सगळे वेल पाजून झाल्यावर मामा आले. उभ्यानंच बोलले.

"बीडाला चलता? हे तितं सांगता?"

"चलतो."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल."

त्यांनी मान हलवली. चांगलं म्हणून की वाईट म्हणून, मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडवणीमार्गे भाड्याच्या गाडीनं निघालो. या वाटेनं जाणाऱ्यांनी एक मुक्काम धरून चालावं; वडवणीच्या मारुतीच्या देवळात उतरता येतं आणि शिधा दिला तर पुजारी रांधून देतो. सोळा-सतरा कोसांत मामा माझ्याशी जेमतेम दहा शब्द बोलले असतील. गाडीवानाशी मात्र बोलत होते. पाऊस, बैल, टरबुजावरची कीड. वाटेत एका मळ्यात शेवरी दिसली तसे ते ती दिसेनाशी होईपर्यंत वळून पाहत राहिले.

बीड मोठं गाव. कचेऱ्या, वकील, अर्जनवीस, बिंदुसरेच्या काठची गजबज. अर्जनवीस कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसतात. उर्दू अर्जाचे सहा आणे आणि सरकारी तिकीट वेगळं. मी अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. अमुक मोजणीच्या वेळी अमुक विहिरीची नोंद मी जाणूनबुजून खोटी केली. विहीर पाण्याची होती, आजही आहे, स्टेशन तिच्यावर चालतं. खाली माझं नाव, हल्लीची नोकरी, हुद्दा.

आत कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे. "हे तुमचे कोण?" त्यानं मामांना विचारलं.

वाटेत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

"साक्षीदार," ते म्हणाले.

कारकुनानं अर्जावर शिक्का मारला. प्रकरणाची मिसल जुनी आहे, मुदतीचा प्रश्न येईल, वर पाठवतो, म्हणाला. बाहेर आल्यावर आम्ही पायऱ्यांवर जरा थांबलो. मी परतीचं गाडीभाडं पुढे केलं. मामांनी ते घेतलं नाही. "टरबुजांना पानी घालायचं हाय," एवढंच म्हणाले आणि माजलगावच्या गाड्या सुटतात त्या बाजूला चालू लागले. मी उभा राहून बघत होतो. ते वळले नाहीत.

मला हैदराबादला येऊन आता पाच महिने झाले. ज्यांना त्या भागात जायचं आहे त्यांनी जरूर जावं. माघ महिना चांगला. रस्ते कोरडे, हुरडा असतो, माणसं वाटेल तिथे थांबून बोलतात. सगळा खर्च, खाण्यासकट, माझा पंधरा रुपयांत भागला.

अर्जाचं सांगायचं तर, मुदत उलटल्यामुळे भरपाईचा विचार करता येत नाही, असं उत्तर मामांना गेलं. त्याची नक्कल मला आली. माझी कबुली मात्र मुदतीत बसली. खुलासा मागितला, मी दिला. हुद्दा दोन पायऱ्या उतरला आणि त्याबरोबर पगारही. सरस्वतीला त्या दिवशी मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आमचं लग्न ज्या नोकरीच्या भरवशावर झालं तिची गोष्ट तिनं शांतपणे ऐकली. घराचं भाडं झेपणार नाही म्हणून आम्ही आता गौळीगुड्यात दोन खोल्यांत राहतो.

सामान लावताना परवा तिनं विचारलं, "त्यांनी माफ केलं का हो तुम्हाला?"

"मी विचारलं नाही."

"विचारायचं होतं. हो म्हणाले असते."

म्हणाले असते, हे मलाही ठाऊक आहे. दारी आलेल्याला नाही म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. म्हणूनच विचारलं नाही.